देखाव्यातल्या जंगलाची जमीन करताना या चुका टाळा

महालक्ष्म्यांच्या आधी पंधरा दिवस आणि शाळांच्या प्रदर्शनांच्या आधी आठ दिवस नांदेडच्या माझ्या घरी रांग लागते. पोरं पाट घेऊन येतात. पाटावर झाडं उभी असतात, त्यात वाघ असतो, हरणं असतात, एखादी झोपडीही असते. झाडं बहुतेक वेळा चांगली जमलेली असतात. खाली मात्र हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरलेला असतो, आणि तक्रार ठरलेली असते: "सर, सगळं केलं, पण जंगल वाटंना."

छोटा देखावा माणूस वरून बघतो, त्यामुळं डोळ्याला सगळ्यात जास्त जमीनच दिसते. तरी महिनाभर झाडं करायची आणि जमीन शेवटच्या रात्री उरकायची, असं बहुतेक जण करतात. गेली कैक वर्षं मी हे देखावे करतोय, शिकवतोय, आणि त्याच चुका बघतोय. त्यातल्या दोन तर इतक्या वेळा बघितल्यात की त्यांवर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी महिना ठरवा

"जंगल करायचंय" एवढ्यावर काम सुरू करू नका. कोणत्या महिन्यातलं जंगल, ते आधी ठरवा. आपल्याकडचं जंगल पानगळीचं आहे. किनवट-माहूरकडं सागाच्या रानात एप्रिलमध्ये गेलात तर झाडं उघडी असतात आणि जमिनीवर पानांचा थर असतो. पाऊल टाकलं की चुर्र आवाज होतो. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक पाला झाडून घेतात किंवा जाळतात, तिथं काळी राख आणि भाजलेली माती दिसते. पळसाखाली गळालेली फुलं काळपट पडून चिकटलेली असतात. त्याच जागी ऑगस्टमध्ये जा. तीच पानं भिजून गडद तपकिरी झालेली, अर्धी कुजलेली, आणि त्यांतून तरोटा वर आलेला असतो.

लोकांच्या देखाव्यात हे सगळे महिने एकत्र येतात. पळस फुललेला, खाली हिरवंगार गवत, बाजूला वाळका पाला. फुललेला पळस फाल्गुनातला आणि ते गवत श्रावणातलं. बघणाऱ्याला चूक बोट ठेवून सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. माझं मत विचाराल तर नवख्यानं मार्च-एप्रिलच घ्यावा. हिरवा रंग जवळजवळ लागतच नाही, आणि निम्म्या चुका हिरव्या रंगाच्याच असतात.

रानात गेलात तर उभ्यानं फोटो काढून परत येऊ नका. गुडघ्यावर बसा आणि हातानं पाला बाजूला करा. वर अख्खी पानं, त्याखाली तुटकी, त्याखाली चुरा, आणि तळाला माती की पाला हे सांगता येणार नाही असं काळसर काहीतरी. हेच थर खालून वर रचायचे असतात. वारा पाला कुठं नेतो तेही बघा. तो खळग्यात, मुळांच्या बेचक्यात आणि पडलेल्या ओंडक्याच्या एका अंगाला साचतो. पायवाट आणि चढाचा माथा उघडा राहतो. सगळीकडं सारखा पाला पसरला की ती चटई होते.

चहाचा चोथा आणि माझे सहा आठवडे

वापरलेली चहा पावडर वाळवून जमिनीसाठी वापरायची, ही युक्ती जगभरचे देखावे करणारे सांगतात. युक्ती खरी आहे. रंग चांगला येतो, कण बारीक-जाड असे मिसळलेले मिळतात, आणि फुकट मिळतात. पण ते लोक ज्या चहाबद्दल बोलतात तो नुसत्या गरम पाण्यात बुडवलेला असतो. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. आपल्या चोथ्यात साखर असते, दुधाचा अंश असतो. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

काही वर्षांपूर्वी एका शाळेनं तीन फूट बाय दोन फुटांचा सागाच्या जंगलाचा देखावा सांगितला होता. स्वातंत्र्यदिनाला लावायचा, म्हणजे काम ऐन आषाढ-श्रावणात. झाडांनाच चार आठवडे गेले. चोथा घरचा आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातला जमवला, एकदा धुतला आणि ऊन नव्हतं म्हणून कागदावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवला. सकाळी हाताला कोरडा लागला. पसरला, फेव्हिकॉलचं पाणी सोडलं, वर पाला टाकला, आणि दोन दिवसांनी काचेच्या पेटीत बंद करून शाळेत पोचवला. दिसत होता सुंदर. मुख्याध्यापक बाई पेटीसमोर बराच वेळ उभ्या होत्या, ते मला अजून आठवतं.

आठव्या दिवशी शाळेतून फोन आला. जाऊन बघतो तर झाडांच्या बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी. जिथं पाला जाड होता तिथं ती बोटभर पसरलेली, आणि ओढ्याच्या काठाशी हिरवट-काळे ठिपके. काचेवर आतून पाण्याचे थेंब. पेटीच्या मागच्या सांध्यातून मुंग्यांची रांग आत चाललेली होती, साखर शोधत. पहिलीतली एक पोरगी मला म्हणाली, "काका, यात बर्फ पडलाय का?"

सगळं खरवडून काढावं लागलं. बुरशी बुंध्यांच्या कागदी लगद्यात शिरली होती, म्हणून निम्मी झाडंही गेली. सहा आठवड्यांचं काम. चोथा नीट वाळवायला चार-पाच दिवस लागले असते, ते मी दिले नाहीत. देखावा परत करून दिला, पण नवीन पेटी गेली तेव्हा स्वातंत्र्यदिन होऊन गेला होता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. चोथा गरम पाण्यात धुवायचा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. तीन-चार वेळा तरी लागतं. मग मलमलच्या फडक्यात घट्ट पिळायचा, ताटात पातळ पसरायचा आणि कडक उन्हात तीन दिवस ठेवायचा. शेवटी जुन्या कढईत मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं हलवत राहायचं. हाताला चिकटेनासा झाला आणि वाळूसारखा सळसळत ओघळला की उतरवायचा. पालापाचोळा, काड्या, साल, सगळ्याला हाच नियम. ओव्हन असेल तर १०० ते ११० अंशांवर अर्धा तास. या उष्णतेनं ओल जाते आणि आतली किडे-अंडीही मरतात. तुमची पेटी वर्षभरानं पोखरली गेली तर ती पोखरणारा किडा बहुधा तुम्हीच पाल्यातून आत आणलेला असतो.

"वाळलंय" हे हातानं ठरवू नका. मूठभर माल काचेच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दुपारी उन्हात ठेवा. तासाभरानं आतल्या बाजूला वाफ किंवा थेंब दिसले तर माल ओला आहे, हाताला कितीही कोरडा लागो. पाच रुपये न लागणारी ही परीक्षा आहे आणि मी ती प्रत्येक वेळी करतो.

आणि हे काम मे महिन्यात करून ठेवा. आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, ते ऊन वाया घालवू नका. आमच्या गच्चीवर एका चादरीवर आईच्या कुरडया आणि दुसऱ्या चादरीवर माझा पाला, असं दर उन्हाळ्यात चालतं. वर्षाचा माल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवतो. श्रावणात कुणी म्हणालं की "सर, ऊनच नाही, काय करू?" तर माझ्याकडं उत्तर नसतं. डबा मे महिन्यात भरायचा होता.

किडे लागू नयेत म्हणून काही जण पेटीत डांबराच्या गोळ्या टाकतात. खाली थर्माकोल असेल तर हे करू नका, त्या गोळ्यांच्या वाफेनं थर्माकोल मऊ पडून बसतो.

पान किती मोठं?

ही माझी दुसरी दुखरी नस. सागाचं वाळलं पान हातात घ्यायचं, मुठीत चुरायचं आणि देखाव्यावर टाकायचं. माझ्याकडं येणाऱ्या दहा देखाव्यांपैकी आठांत हेच असतं.

गणित अवघड नाही, पण कुणी करत नाही. १:७२ या प्रमाणात, म्हणजे सगळं खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं की, १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा होतो, १:३५ मध्ये पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर. गेल्या वर्षी लोह्याकडचा एक मुलगा १:७२ चा देखावा घेऊन आला होता. लाकूडतोड्या सुरेख रंगवलेला, हातातली कुऱ्हाडसुद्धा. त्याच्या पायाशी पडलेला पाल्याचा एक तुकडा मी पट्टीनं मोजून दाखवला: तीन सेंटीमीटर. म्हणजे खऱ्या मापात सात फूट. लाकूडतोड्यापेक्षा पान मोठं. तो म्हणाला, "पण सर, हे खरंच सागाचं पान आहे की." त्याचं चुकलं ते इथंच. पदार्थ खरा असून भागत नाही, माप खरं लागतं.

सागाचं पान मुळातच मोठं, हातभर होतं. ४५ सेंटीमीटरचं धरलं तर १:३५ मध्ये ते सव्वा सेंटीमीटर आणि १:७२ मध्ये सहा मिलिमीटर. मातीच्या कणांनाही हेच लागू. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १:७२ मध्ये सात सेंटीमीटरचा धोंडा असतो. बांधकामाची वाळू न चाळता टाकली की जंगलाचं नदीपात्र होतं.

मग पानं आणायची कुठून? बाहेर देशात बर्च नावाच्या झाडाचे वाळलेले तुरे चुरून वापरतात, कारण त्यांतली खवलं इवल्याशा पानासारखी दिसतात. इथं बसून ते मागवण्यात पैसे घालवू नका. आपल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभूळ आहे. बाभळीचं एक-एक पर्ण तीन ते पाच मिलिमीटरचं असतं, म्हणजे १:३५ मध्ये दहा ते सतरा सेंटीमीटरचं पान, मोहाच्या किंवा टेंभुर्णीच्या पानाच्या जवळपास. डहाळी कागदावर ठेवून उन्हात वाळवा, चार दिवसांत झटकली की पर्णं आपोआप गळतात. वाळल्यावर रंग फिका पिवळसर येतो, तो पातळ तपकिरी रंगानं मारून घ्या. त्याच बाभळीच्या झटकलेल्या बारीक काड्या पडलेल्या फांद्या म्हणून कामाला येतात.

१:७२ साठी कोणताही कडक वाळलेला पाला मिक्सरच्या जुन्या भांड्यात फिरवा. जुन्या म्हणजे खरंच जुन्या, स्वयंपाकाच्या नव्हे. सतत न फिरवता थांबत-थांबत, नाहीतर नुसतं पीठ होतं. मग पोह्याची चाळण, पिठाची चाळणी आणि चहाची गाळणी, अशा तीन जाळ्यांतून चाळा आणि तीन डबे करा. सगळ्यात बारीक तळाला, मधला त्यावर, जाड सगळ्यात वर आणि सगळ्यात कमी. हा क्रम उलटा झाला की पाला जमिनीवर तरंगतो.

सागाची अख्खी पानं मी कागदाची करतो. जुना खाकी लिफाफा घ्यायचा, एक बाजू गडद तपकिरी, दुसरी फिकट मातकट रंगवायची, कारण सागाच्या पानाची खालची बाजू फिकी असते. मग कात्रीनं पानं कापायची, मधे सुईच्या बोथट टोकानं एक शीर ओढायची आणि तळहातावर ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबायची, म्हणजे पान वाटीसारखं वळतं. टाकताना काही उपडी, काही उताणी. सगळी पानं एकाच बाजूनं पडलेली रानात दिसत नाहीत. पाऊणशे पानं पुढच्या भागात पुरतात, मागं चुरा चालतो. पावसाळ्यात सागावर एक अळी येते, ती पानाचा हिरवा भाग खाते आणि शिरांची जाळी तेवढी राहते. असं जाळी झालेलं खरं पान मिळालं तर जपून ठेवा. त्यातल्या सगळ्यात बारीक शिरांचे पानाच्या आकाराचे तुकडे कापले की लहान मापातली जाळीची पानं तयार. चार-पाच ठिकाणीच टाका.

पाऊणशे पानं कापायला मला दोन संध्याकाळी लागतात. "एवढ्यात मिळणारं काही नाही का, सर?" असं विचारणाऱ्यांना मी एकच करायला सांगतो: दहा पानं कापून दहा सेंटीमीटरच्या तुकड्यावर लावून बघा. ज्यानं लावून बघितली तो पुन्हा चुऱ्याकडं गेलेला मी बघितला नाही.

काळी माती नको

आपल्याला आपली काळी माती हाताशी असते, म्हणून लोक तीच फेव्हिकॉलमध्ये कालवून थापतात. दिसतेही छान, ओली असेपर्यंत. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच देखाव्यालाही पडतात, आणि भेगेबरोबर वरचा पाला, गवत, कधी झाडही उचकटतं. भेगाळलेलं शेत करायचं असेल तर तिच्यासारखी माती नाही. रानासाठी मुरूम घ्या. खलबत्त्यात कुटा, चहाच्या गाळणीनं चाळा, कढईत भाजा. आकसत नाही, आणि डोंगरउताराचा रंग आपोआप मिळतो. गोंद लागल्यावर कोणतीही माती गडद होते आणि वाळल्यावरही थोडी गडदच राहते, तेव्हा आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून रंग बघून घ्या. आणि खालचा पाट मातकट रंगवल्याशिवाय पहिला चमचासुद्धा टाकू नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कोरड्या थरावर फेव्हिकॉलचं पाणी ओतलं की त्याचे गोळे होतात आणि पाला तरंगत बाजूला जातो. आधी पाण्यात थोडं सर्जिकल स्पिरिट मिसळून फवारा मारून थर दमट करा, मग एक भाग फेव्हिकॉल, एक ते दीड भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजनं कडेकडेनं सोडा. ते स्वतःच आत झिरपतं.

हेअर ड्रायर नको. बारीक पाला उडतो, आणि वर साय धरून आतला गोंद ओलाच राहतो. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस, याला पर्याय नाही.

वाळल्यावर जमीन चकाकत असेल तर गोंद जास्त झालाय. वरून मॅट वॉर्निश मारा.

थर्माकोलवर डब्यातला स्प्रे रंग मारू नका, रंगातलं द्रावक त्याला खातं. तसाही २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. खोक्याचे पुठ्ठे एकावर एक चिकटवून वर कागदाचा लगदा दिला की चढ-उतार त्याहून चांगले होतात, फक्त लगदा पूर्ण वाळू द्या.

पाट एका बाजूनं ओला केला की वाकतो. दोन्ही बाजूंना आणि कडांना आधी ऑइल पेंटचा हात द्या.

झाड खांबासारखं उभं करू नका. बुंधा जमिनीशी रुंद होतो, मुळं पसरतात. झाडं आधी रोवा, लगद्यानं मुळं करा, मग माती आणि पाला. जमीन करून नंतर भोक पाडून बसवलेलं झाड दुरूनही ओळखू येतं.

हळीव किंवा गहू पेरून हिरवळ उगवणं दिवाळीच्या किल्ल्याला शोभतं. १:७२ मध्ये चार सेंटीमीटरचा कोंब म्हणजे जवळजवळ तीन मीटर उंच गवत, आणि त्याला रोज पाणी लागतं. गवतासाठी सुतळी सोडवून विंचरा, मापात कापा, चार-पाच धाग्यांचे झुबके रोवा. गुडघाभर गवत १:३५ मध्ये दीड सेंटीमीटरच्या आतच असतं. सागाखाली ते विरळच ठेवा.

भिंतीवरचं हिरवं शेवाळ महिन्याभरात पिवळं-तपकिरी होतं. हिरवा रंग टिकवायचा असेल तर तो रंगानंच द्या.

आणि एक गोष्ट मी शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगतो. अभयारण्यात बघायला जा, पण तिथून काडीही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय तिथलं काही नेता येत नाही. पैनगंगेचं असो की गौताळ्याचं. बाभूळ, मुरूम, काड्या, पाला, सगळं स्वतःच्या किंवा ओळखीच्या धुऱ्यावर मिळतं.

पेटी बंद करण्याआधी

काच लावायची घाई सगळ्यांना असते, कारण काच लागली की काम झाल्यासारखं वाटतं. देखावा उन्हाळ्यात एक आठवडा आणि पावसाळ्यात दोन आठवडे जाळीच्या पेटाऱ्याखाली उघडाच ठेवा. रोज सकाळी नाक जवळ नेऊन वास घ्या. मातीचा, पाल्याचा वास चालेल. आंबूस किंवा कुबट आला तर त्या जागचा थर चिमट्यानं उचलून खाली बघा. मी पेटीच्या मागच्या फळीला वर एक आणि खाली एक अशी बोटाच्या जाडीची दोन भोकं ठेवतो आणि आतून स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा चिकटवतो, मुंगी जाणार नाही इतक्या बारीक. त्या शाळेत दुसऱ्यांदा जी पेटी दिली तिला पहिल्यांदा अशी भोकं पाडली होती. ती अजून तिथल्या व्हरांड्यात आहे, आणि दर जूनमध्ये मी जाऊन काचेच्या आत थेंब आहेत का ते बघून येतो.